बाळ बाटली तोंडातच घेत नाहीये, १७ दिवसांनी ऑफिस जॉईन करायचंय

चिऊकाऊ, सोमवार रात्री ११.४६

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही एका हाताने टाइप करत, कारण दुसऱ्या हातावर लेक झोपलीये आणि खाली ठेवलं की लगेच उठते. टायपो सांभाळून घ्या.

लेक ४ महिने २२ दिवसांची आहे. पूर्ण अंगावर पिते, वजन छान वाढतंय, डॉक्टर खूश. माझ्या २६ आठवड्यांच्या रजेतले ३ आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले (बीपी वाढलं म्हणून घरी बसवलं होतं), त्यामुळे बरोब्बर १७ दिवसांनी जॉईन व्हायचंय. घर कोथरूडला, ऑफिस खराडीला. सकाळी साडेआठला निघायचं आणि संध्याकाळी सातला घरी, तेही सगळं सुरळीत असेल तर. घरी सासूबाई आहेत, त्याच सांभाळणार आहेत, त्याची काळजी नाही. काळजी एकच, ही बया बाटली घेत नाही.

दीड महिन्याची असताना दोनतीनदा पंप केलेलं दूध बाटलीने दिलं होतं, गटागटा प्यायली. मी म्हटलं चला, हा विषय संपला, आणि मग आळस. कोण पंप धुवा, बाटल्या उकळा, त्यापेक्षा जवळ घेतलं की झालं. आता गेले ९ दिवस परत सुरू केलंय तर बाटली नुसती दिसली तरी ओठ घट्ट मिटते. बोंड ओठाला टेकवलं तर जिभेने बाहेर ढकलते, मूड असेल तर हिरडीने चावत बसते, पण चोखत नाही म्हणजे नाही. जरा जास्त लावून धरलं की पाठीची कमान करून असं ओरडते की काल शेजारच्या काकू बेल वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक ना. परवा ६० मिली काढायला मला अर्धा तास लागला आणि त्यातलं निम्मं तिच्या मानेच्या वळ्यांत गेलं, निम्मं सासूबाईंच्या पदरात. मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेतलं.

तीन कंपन्यांच्या बाटल्या झाल्या. तिसरी नवऱ्याने मागवलेली इतकी महाग आहे की तिच्यात दूध घालायचंच जिवावर येतं. माझी आई फोनवर म्हणते, उपाशी ठेव, पोटात कावळे ओरडले की झक मारत पिईल. सासूबाई म्हणतात सवय होईल. नवरा म्हणतो होईल काहीतरी, तो सगळ्यालाच तसं म्हणतो.

कुणी यातून गेलंय का? काय केलंत?

दोनपोरांचीआई, मंगळवार सकाळी ७.१०

गेलेय, दोनदा. आधी हे सांग, पाजत कोण होतं? तूच असशील तर तिचं काय चुकलं? ताटात पुरणपोळी दिसतेय आणि हातात कुणी बिस्कीट देतंय, कोण घेईल. तुझ्या अंगाचा वास येतोय, रोजची तीच मांडी, तीच आडवी धरायची पद्धत आणि तोंडात मात्र रबर.

आणि दीड महिन्याला प्यायली, आता का नाही, त्याचंही कारण आहे. पहिले दोन अडीच महिने तोंडात काही गेलं की बाळ आपसूक चोखतं, त्याच्या मनावर नसतं ते. तीन महिन्यांच्या पुढेमागे ते मनावर येतं, मग बाईसाहेब ठरवणार चोखायचं की नाही. त्यामुळे मधे खंड पडला की असं होतं. बहुतेकींचं याच आळसापायी झालंय, माझंही, त्यामुळे स्वतःला बोल लावू नकोस.

तू खोलीत नको, घरातच नको. खाली पार्किंगमध्ये जाऊन बस हवं तर. आणि ती भुकेने कावलेली असताना बाटली पुढे करू नकोस, त्या वेळी नवीन काही शिकायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. अर्धंमुर्धं पोट भरलेलं असताना, खेळीमेळीत. रडायला लागली की बंद, दहा मिनिटांच्या वर लावून धरायचं नाही. नऊ दिवस जी ओढाताण झालीये ना, त्याने तिला बाटली म्हणजे भांडण असं वाटायला लागलंय. दोन दिवस बाटली पूर्ण बंद ठेव, मग नव्याने.

हिंजवडीचाबाबा, मंगळवार सकाळी ९.५२

आमच्याकडे हे खातं माझ्याकडे होतं म्हणून लिहितो. मुलगा ५ महिन्यांचा होता.

मांडीवर आडवं घेतलं की तो आईला शोधायचा आणि बोंबलायचा. मग एक दिवस वैतागून त्याला पाठमोरं, म्हणजे त्याची पाठ माझ्या छातीला आणि तोंड बाहेर, असं धरून गॅलरीत उभा राहिलो. खाली सोसायटीची पाण्याची टाकी भरत होती, टँकरचा पाइप उडत होता, तो त्याच्याकडे बघण्यात गुंग, मी बाजूने हळूच बाटली आणली आणि नुसती ओठाला लावून ठेवली. आत घातली नाही. दोनेक मिनिटांनी त्याने स्वतः तोंड उघडलं. १५ मिली. मी इकडे घामाघूम, पण हलायची सोय नाही. त्यानंतर ११ दिवस रोज संध्याकाळी आम्ही टँकर बघायला उभे. ज्या दिवशी टँकर नसायचा त्या दिवशी रस्त्यावरची कुत्री.

अजून एक, बाटली उभी करून दूध घशात सोडू नका. बाळ जवळजवळ बसतं, बाटली जमिनीला समांतर, बोंडात दूध राहील इतकीच तिरकी. चारपाच घोट झाले की बाटली खाली करून त्याला श्वास घेऊ द्यायचा. अंगावर पिताना वेग बाळाच्या हातात असतो, बाटलीत आपण तो काढून घेतो आणि मग ते ठसकतं आणि घाबरतं. बोंडही सगळ्यात हळू फ्लोचं घ्या, वय बघून पुढचा नंबर घेऊ नका. बोंड कोमट पाण्यात बुडवून द्या. आमच्याला दात येताना उलट गार हवं असायचं.

गुळपोळी, मंगळवार दुपारी १२.३१

हिंजवडीचाबाबा, टँकर बघत दूध पिणारं पहिलं बाळ. अस्सल पुणेकर.

चिऊकाऊ, तू फ्रीजरमधलं दूध देतेस का ताजं? चव घेऊन बघ. हसू नकोस, खरंच घे. काहीजणींच्या दुधात लायपेज नावाचं एंझाइम जास्त कामाला लागतं, फ्रीजरमध्ये पडून राहिलं की त्याने फॅट फुटतं आणि दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, काही बाळं पितातही, पण माझी पीत नव्हती आणि मी दोन महिने बाटल्यांना शिव्या देत होते. उपाय म्हणजे फ्रीजरमध्ये टाकायच्या आधी पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही, पटकन गार करायचं, मग पिशवीत भरायचं. एकदा वास आला की मात्र तापवून जात नाही.

पेठेतलेकाका, मंगळवार दुपारी २.०५

हल्लीच्या मुलींना प्रत्येक गोष्टीचं टेन्शन. आमच्या वेळी गायीच्या दुधात निम्मं पाणी घालून द्यायचे, आम्ही पाच भावंडं वाढलो, एकालाही काही झालं नाही. आणि एवढा उन्हाळा आहे, जरा पाणी पाजा, पोराला तहान लागत असेल म्हणून रडतंय.

निवृत्तसिस्टर, मंगळवार दुपारी ४.४०

काका, तुमच्या पाच भावंडांना उदंड आयुष्य लाभो, पण ज्यांना काही झालं ते इथे लिहायला येत नाहीत. मी ३१ वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढली आहेत, त्यातली बरीचशी पुण्यातच. वर्षाच्या आत गायीचं दूध हे मुख्य दूध म्हणून नको, त्यात लोह कमी आणि बाळाच्या मूत्रपिंडावर ताण. पाणी घालून पातळ केलेलं तर त्याहून वाईट, पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. पुण्याचा एप्रिल असो नाहीतर नागपूरचा मे, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात भरपूर पाणी असतं. आणि मध, घुटी, ग्राइप वॉटर यातलं काहीही बाटलीच्या बोंडाला लावून फसवायचं नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

चिऊकाऊ, तुझ्या आईंना नमस्कार सांग आणि सांग की उपाशी ठेवायचं नाही. हट्टी बाळं खरंच तासन् तास काढतात आणि मग इतकी थकतात की अंगावरसुद्धा नीट ओढत नाहीत.

आता मला एक सांग, बाटलीच हवी असं कुणी सांगितलं? दूध पोटात जायला हवं, बाटलीने जायला हवं असं नाही. आमच्या वॉर्डात ३२-३३ आठवड्यांची, तळहाताएवढी बाळं बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, आणि वाटीने पितात. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ मुळात बाटलीच्या विरोधातच असतात, कारण बोंड आणि झाकणाच्या फटी नीट धुतल्या जात नाहीत आणि जुलाब लागतात. बाटलीची आणि पावडरच्या डब्याची जाहिरात करायला देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. तुमच्या घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल बघ. विचार सासूबाईंना.

खवचट_खान, मंगळवार संध्याकाळी ६.१५

एवढे हाल करून नोकरी करायचीच कशाला म्हणतो मी. दोन वर्षं घरी बसलं तर जग बुडतं का.

दोनपोरांचीआई, मंगळवार संध्याकाळी ६.१९

तुम्ही भरताय का होम लोनचा हप्ता? अकाउंट नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चिऊकाऊ, मंगळवार रात्री १०.५८

बापरे, किती प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद (खवचट सोडून).

गुळपोळी, चव घेतली. ताजं ठीक आहे, गोडसर. पण फ्रीजरमध्ये गेल्या दोन आठवड्यांत साठवलेल्या ८ पिशव्यांपैकी एक काढून वितळवली तर अक्षरशः भांड्याच्या साबणाचा वास. नवऱ्याला हुंगायला दिलं तर तो म्हणे बाटली नीट धुतली नाहीस. म्हणजे ते ८ दिवसांचं कष्टाचं दूध... असो. ताजं दिलं तरी ती पीत नव्हतीच, म्हणजे हे एकच कारण नाही, पण भर पडली असणार.

सिस्टर, सासूबाईंना विचारलं. बोंडलं आहे! नवऱ्याचंच. कपाटात खाली रेशमी साड्यांच्या मधे, फडक्यात गुंडाळलेलं, काळंकुट्ट पडलेलं. काठावर दाताची खूण आहे, ती नवऱ्याची म्हणे. पण बोंडलं हातात देताना सासूबाई म्हणाल्या, मी नाही हं याने पाजणार, तू पाज. मला वाटलं होतं जुन्या बाईला हे येत असेल, आनंदाने करतील. कारण विचारलं तर बोलल्याच नाहीत.

दोन दिवस बाटली बंद. मग नवरा गॅलरीत.

रात्रपाळी, बुधवार पहाटे ३.३३

याच वेळेला जागी असलेल्या सगळ्या आयांना सलाम.

मला एक जोडायचंय. माझी मुलगी मी कामावर असताना दिवसभरात जेमतेम ८०-१०० मिली घ्यायची, आणि मी घरी आले की रात्रभर नळ चालू. संध्याकाळी सात, नऊ, साडेअकरा, दोन, चार, सहा. दिवसा झोपायची, रात्री प्यायची. मला वाटलं पोर उपाशी मरतंय, डॉक्टरांनी वजन केलं तर तक्ता मस्त वर. काही बाळं असा दिवसरात्रीचा हिशोब उलटा करतात आणि एकूण बेरीज बरोबर ठेवतात. माझी बेरीज चुकली ती झोपेची, पण ती वेगळी गोष्ट.

निवृत्तसिस्टर, बुधवार सकाळी ८.०२

रात्रपाळीशी सहमत. अंदाज म्हणून लक्षात ठेव, या वयात अंगावर पिणारं बाळ २४ तासांत साधारण ७५०-८०० मिली घेतं, म्हणजे तू नसताना तासाला ३० मिलीच्या आसपास धर. दहा तासांचे ३०० मिली काढून ठेव, पण तिने तेवढे प्यायलेच पाहिजेत असं नाही.

मोजायचं असेल तर शू मोज. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होत असतील तर बरं चाललंय. शू कमी, गडद पिवळी, टाळू आत गेलेली, ओठ कोरडे, बाळ मलूल, असं काही दिसलं तर धागा वाचत बसू नकोस, सरळ डॉक्टर. आणि बाळ अंगावरसुद्धा प्यायला नाही म्हणायला लागलं, किंवा तोंडात जिभेवर गालात पांढरे पुसून न जाणारे चट्टे दिसले, कान ओढतंय, दर फीडनंतर पाठ ताणून रडतंय, तर तो हट्ट नसतो, दुखणं असतं.

सासूबाईंवर जोर करू नकोस. काहीतरी बघितलं असेल त्यांनी.

कायद्याचंबोला, बुधवार दुपारी १.२०

दूध सोडून बाकीचं सांगतो. २०१७ ला मातृत्व रजेचा कायदा बदलला तेव्हा नुसत्या रजा वाढल्या नाहीत. ५० किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. आणि मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या सुट्टीशिवाय दोन नर्सिंग ब्रेक, ही तर १९६१ च्या मूळ कायद्यापासूनची तरतूद. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर घरून काम करण्याबद्दल मालकाशी बोलून ठरवता येतं, हेही त्यातच आलं. तोंडी विचारू नका, एचआरला ईमेल टाका. पुण्यातल्या लोकांना लेखी आलं की गोष्टी आठवतात.

चिऊकाऊ, शुक्रवार रात्री ११.१५

अपडेट. गॅलरी प्रयोग दिवस दुसरा. आमच्याकडे टँकर नाही, समोर एक कडुनिंब आणि कावळे आहेत. काल ०, आज १० मिली. नवरा असा वावरतोय जसं काही वानखेडेवर सेंच्युरी मारलीये.

आणि काल गुरुवार, म्हणजे आमच्याकडे लाईट गेली सकाळी दहाला, आली साडेचारला. फ्रीजरमध्ये नव्याने तापवून भरलेल्या ४ पिशव्या होत्या. लाईट आली तेव्हा दोन पूर्ण पाणी, दोनमध्ये मधोमध अजून बर्फ होता. टाकू का? जीव तुटतोय.

निवृत्तसिस्टर, शुक्रवार रात्री ११.४०

बर्फ शिल्लक होता त्या फ्रीजरमध्येच राहू दे. पूर्ण वितळलेल्या कधी वितळल्या ते माहीत नाही आणि फ्रीजही बंद होता, बाहेर ३९ डिग्री, मी असते तर नसत्या दिल्या. एरवी नीट फ्रीजमध्ये वितळवलेलं दूध २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. ताजं काढलेलं फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला चार दिवस राहतं, दारात ठेवायचं नाही. बाहेर चार तास म्हणतात ते २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीचं, आपल्या एप्रिलच्या स्वयंपाकघराचं नव्हे. बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्याच्या भांड्यात पिशवी धरायची.

गुरुवारी लाईट जायच्या आधी फ्रीजर गच्च भरून ठेव, पाण्याच्या बाटल्या घाल हवं तर, आणि दार उघडू नकोस. पुण्यात गुरुवार हा फ्रीजरचा उपास असतो.

पेठेतलेकाका, शनिवार सकाळी १०.१०

सिस्टर, पाण्याचं तुमचं बरोबर. सुनेला विचारलं, तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. गायीच्या दुधाचं अजून पटलेलं नाही.

चिऊकाऊ, मंगळवार रात्री १०.२०

खूप लिहायचंय, लेक झोपलीये, लिहूनच टाकते.

सासूबाई काल बोलल्या. भांडी लावताना, माझ्याकडे न बघता. त्यांच्या माहेरी, त्या लहान असताना, काकूच्या बाळाला पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने घुटी पाजत होते, बाळ रडत होतं, नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणून नाक दाबलं आणि ओतलं. ते छातीत गेलं. पुढचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. म्हणून नवऱ्याला पण या बोंडल्याने फार कधी पाजलं नाही त्यांनी, त्यांच्या सासूबाई पाजायच्या आणि या बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. ४० वर्षं ते बोंडलं साड्यांत ठेवलंय पण मोडीत घातलं नाही.

मग आज मी त्यांना घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले, तिथल्या सिस्टरांनी समोर करून दाखवलं. सासूबाई आधी दाराशीच उभ्या होत्या. बाळ आडवं नाही, जवळजवळ बसतं, मान आपल्या हाताच्या आधाराने, दोन्ही हात दुपट्यात सैलसर गुंडाळलेले म्हणजे ती फटका मारत नाही. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर नुसती टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं. ओतायचं नाही. बाळ जिभेने ओढतं. मांजर बशीतलं पितं ना, तसं. गिळलं की थांबायचं, परत. रडत असेल, झोपेत असेल तर अजिबात नाही. हे ऐकल्यावर सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, म्हणजे ओतायचं नसतंच.

लेकीने पहिले दोन घोट थुंकले, मग जीभ बाहेर काढून चोच चाटली, मग डोळे मोठे केले आणि चक्क लपालप. २५ मिली. निम्मं लाळेऱ्यात गेलं ते वेगळं. सिस्टर म्हणाल्या सांडलेलं धरून हिशोब करा, सुरुवातीला सांडतंच.

बोंडलं घासायला सासूबाईंनी रांगोळी घेतली, मग तीनदा धुतलं, मग दहा मिनिटं उकळलं. चोचीत बारीक ब्रश घालून आतून बघितलं, टॉर्च मारून. इतकं चकचकीत झालंय की नवऱ्याची दाताची खूण स्पष्ट दिसते.

हिंजवडीचाबाबा, मंगळवार रात्री १०.४१

गॅलरीवाल्या बाबांचं काय? त्याला बेरोजगार केलंत?

चिऊकाऊ, मंगळवार रात्री १०.४४

त्याचा स्कोअर २० वर अडकलाय. पण तो आता कावळे ओळखायला लागलाय.

दोनपोरांचीआई, बुधवार सकाळी ७.३०

वाचताना डोळ्यात पाणी आलं गं. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार.

आता रंगीत तालीम कर. जॉईन व्हायच्या आधी एक दिवस चारपाच तास बाहेर जाऊन ये, फोन करायचा नाही.

चिऊकाऊ, शनिवार दुपारी ३.५०

आज तालीम. कमला नेहरू पार्कमध्ये झाडाखाली बाकावर बसलेय. घरून निघून अडीच तास झाले. समोरच्या घसरगुंडीवरचं कुणाचंही बाळ रडलं की माझं दूध उतरतंय, ओढणी पुढे घेऊन बसलेय. फोन करायचा नाही ठरलंय. सासूबाईंना फोन केला. त्यांनी उचलला नाही. म्हणजे काय समजायचं?

रात्रपाळी, शनिवार दुपारी ३.५४

दोन्ही हात बिझी आहेत असं समजायचं. भेळ खा.

चिऊकाऊ, शनिवार रात्री ९.०५

साडेचार तास. दोन वेळा मिळून ५५ मिली प्यायली, मधे दीड तास झोपली, एकदा वीस मिनिटं खूप रडली तेव्हा सासूबाईंनी माझा वापरलेला गाऊन खांद्यावर टाकून तिला फिरवलं. हे त्यांचं त्यांनीच शोधलं. मी आल्यावर पाऊण तास सोडलं नाही मला.

५५ कमी नाही ना? सिस्टर?

निवृत्तसिस्टर, शनिवार रात्री ९.३०

पहिल्या दिवशी साडेचार तासांत ५५ म्हणजे मी टाळ्या वाजवते. दिवसभरात लंगोट किती?

चिऊकाऊ, शनिवार रात्री ९.३१

सात.

निवृत्तसिस्टर, शनिवार रात्री ९.३२

मग झोप. आठ दिवसांनी वजन कर. जमत जाईल तसं बोंडल्यावरून छोट्या वाटीवर या, याच पद्धतीने, काठ खालच्या ओठावर. सहा महिने झाले की उष्टावण, मग मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व सुरू झालं की दुधाचा ताण आपोआप सैल होतो, आणि तेव्हा स्ट्रॉचा कपही शिकते. तुला हा सगळा खटाटोप जेमतेम महिनाभर करायचाय. आणि पुढे कधी पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर लाजायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना विचारून, उकळलेलं पाणी ७० डिग्रीच्या खाली जायच्या आत पावडर मिसळून, मग कोमट करून, आणि डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा पातळ करायचं नाही.

चिऊकाऊ, शुक्रवार रात्री ११.२०

जॉईन होऊन दोन दिवस झाले. काल गुरुवार होता, फ्रीजर गच्च भरला होता, दार उघडलं नाही, सगळं शाबूत.

ईमेल टाकली होती. एचआरने दोन ब्रेक लगेच मान्य केले. पंपासाठी जी खोली दिलीये तिला आतून कडी आहे, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल. तीन बाजूंना प्रिंटरची खोकी आणि एक मोडकी खुर्ची. दिवसाला दोनदा तिथे बसते, लेकीचा व्हिडिओ लावला की पटकन उतरतं. संध्याकाळी रामवाडीला मेट्रोत बसायला मिळतं, बर्फाच्या पाकिटांची बॅग मांडीवर घेऊन वनाझपर्यंत. काल शेजारच्या आजींनी विचारलं, डब्यात काय आहे एवढं जपून? मी म्हटलं दूध. त्या म्हणाल्या, कुठल्या डेअरीचं.

पहिल्या दिवशी ९० मिली, आज १३०. रात्रपाळी म्हणाली तसं रात्री नळ चालूच आहे, दोन आणि चार वाजता. सासूबाई वहीत लिहून ठेवतात, वेळ, मिली, शू, आणि पुढे शेरा. आजचा शेरा, "बोंडले स्वतःच्या हाताने ओढले. लबाड."

आता सगळ्यात महत्त्वाचं. तीन बाटल्या आहेत, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, जवळजवळ नव्या, बोंडं मात्र तुमची तुम्ही नवीन घ्या. एक फारच महाग आहे. कुणाला हव्या असतील तर कोथरूडला येऊन घेऊन जा.

गुळपोळी, शुक्रवार रात्री ११.२६

नको गं. माझ्याकडेच पाच पडल्यात.

पेठेतलेकाका, शनिवार सकाळी ६.१५

महागातली कुठली? सुनेला विचारून सांगतो.